‘बनगरवाडी’ आणि थोरल्या बहिणीचा एक प्रश्न

(हीरक महोत्सवी वर्षात मराठी भाषा गौरव दिनी झालेल्या पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



आज २७ फेब्रुवारी, कुसुमाग्रजांची जयंती. या दिवशी मराठीच्या थोरवीविषयी बोलण्याचा प्रघात आहे, आणि महाराष्ट्राबाहेर साठ वर्षे मराठी शाळा चालवणाऱ्यांना तसे बोलण्याचा थोडा अधिक अधिकारही आहे. परंतु भाषेची थोरवी तिच्यातल्या पुस्तकांनी आपल्याला काय विचारले, यावरूनही जोखता येते. म्हणून आज मी एका छोट्या कादंबरीविषयी आणि तिच्या निमित्ताने कुटुंबातल्या थोरल्या बहिणीविषयी बोलणार आहे. हे दोन विषय एकमेकांपासून दूरचे वाटतील. ते माझ्या मनात कसे जोडले गेले, तेच सांगायचे आहे.

कादंबरी आपणांपैकी अनेकांनी वाचलेली आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली प्रसिद्ध झाली. पुढे राम देशमुखांनी ती इंग्रजीत नेली आणि अमोल पालेकरांनी तिच्यावर चित्रपट काढला. औंध संस्थानातील माणदेशच्या उजाड माळावर धनगरांची एक वाडी आहे. तिथे राजाराम विठ्ठल सौंदणीकर नावाचा कोवळ्या वयाचा मास्तर एकशिक्षकी शाळेवर नेमला जातो. शाळा आहे, पण मुले नाहीत. मुले मेंढरांमागे रानात आहेत. मास्तर घरोघर फिरतो, कारभाऱ्याची मर्जी सांभाळतो, हळूहळू वाडीचा विश्वास मिळवतो. लोकांचे अर्ज लिहितो, त्यांची भांडणे ऐकतो, सर्वांच्या मेहनतीने तालीम उभी करतो, आणि तिच्या उद्घाटनाला प्रत्यक्ष राजेसाहेब येतात. शिक्षकी पेशातल्या माणसाने हे वाचले, की त्याला आपल्या पहिल्या नेमणुकीची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

या कादंबरीत दारिद्र्याचे वर्णन फार थोडे आणि दर्शन फार आहे. शेकूकडे दुसरा बैल नाही, म्हणून त्याची बायको जुवाखाली स्वतः मान देते. माडगूळकर तिथे हळहळत नाहीत, वाचकाला हळहळायलाही सांगत नाहीत. ते पाहतात आणि पुढे जातात. मग पाऊस दगा देतो. चारा संपतो, मेंढरे मरू लागतात आणि धनगर एकेक करून वाडी सोडतात. मुलेच उरत नाहीत, तेव्हा शाळा बंद होते आणि मास्तराची बदली होते. कादंबरी तिथे संपते.

आमच्या माणदेशी बोलीत या वाडी सोडण्याला एक शब्द आहे : ‘जगायला जाणे’. स्थलांतर हा कागदावरचा शब्द झाला. कोणी गाव सोडून गेला की मागे राहिलेले सांगतात, ‘ते जगायला गेलं.’ या दोन शब्दांत गावाविषयीचा सारा निवाडा आला. इथे राहिलो असतो तर जगलो नसतो, एवढेच त्यात सांगितलेले असते. परदेशी वाङ्मयातले याच जातीचे मोठे उदाहरण म्हणजे जॉन स्टाइनबेकची १९३९ सालची ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’. ओक्लाहोमातील धुळीच्या वादळांनी आणि कर्जाने उठवलेले जोड कुटुंब एका जुनाट ट्रकमधून कॅलिफोर्नियाकडे निघते. तिथे वाट हीच कादंबरी आहे. ‘बनगरवाडी’ मात्र जिथून वाट सुरू होते, तिथे थांबते. पाठीवर बिऱ्हाड घेऊन निघालेली माणसे माळापलीकडे दिसेनाशी होतात, आणि त्यांच्याबरोबर मास्तराच्या पटावरची मुलेही.

ती माणसे कुठे गेली, याचे उत्तर रांझीत बसलेल्या आपणांस ठाऊक असायला हवे. ती अशाच ठिकाणी आली. जबलपूरला तोफगाडीचा कारखाना १९०४ मध्ये निघाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना आला. १९६९ मध्ये वाहन कारखाना सुरू झाला आणि शक्तिमान ट्रक व जोंगा गाड्या इथून सैन्याकडे जाऊ लागल्या. या कारखान्यांच्या भोंग्यांवर रांझीची घड्याळे लागली. बंगाली आले, मल्याळी आले, पंजाबी आले, छत्तीसगढी आले आणि विदर्भ, खानदेश, माणदेशातून आपणही आलो. या सभागृहात बसलेल्यांपैकी बहुतेकांचे आजोबा किंवा वडील कुठल्या ना कुठल्या बनगरवाडीतून जगायला बाहेर पडलेले आहेत. आपल्या शाळेचा जन्मही त्याच गरजेतून झाला.

आमचे कुटुंब १९७३ च्या उन्हाळ्यात इथे आले. महाराष्ट्रात बाहत्तरचा दुष्काळ म्हणतात, तो एका वर्षाचा नव्हता. आधीची दोन वर्षेही कोरडीच गेली होती. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या सुमारे ५० लाखांवर पोहोचली होती. खडी फोडायची, पाझर तलावाची माती वाहायची, आणि मुलांच्या ओंजळीत सुकडी पडली की दिवस साजरा झाला म्हणायचे. आमची आई त्या कामांवर होती. तिथे झाडाच्या तुटपुंज्या सावलीत साऱ्या बायकांची तान्ही मुले सांभाळायला दहा वर्षांची एक मुलगी बसलेली असे. ती माझी थोरली बहीण. आम्ही तिला आक्का म्हणतो.

सैन्यातून निवृत्त होऊन जबलपूरच्या कारखान्यात लागलेल्या एका चुलत्यांनी वडिलांना बोलावून घेतले. मनमाड, भुसावळ, इटारसी करत आम्ही रांझीत उतरलो आणि भाड्याच्या एका खोलीत संसार मांडला. मी पाच वर्षांची होते, आक्का अकरा. मला पहिलीत बसवायचे होते, त्यामुळे जन्मतारखेवर काम भागले. आक्का गावात चौथी उत्तीर्ण झालेली, तिला पाचवीत बसवायला मागच्या शाळेचा दाखला हवा होता. गावची शाळा दुष्काळात ओस पडली होती आणि गुरुजी बदलून गेले होते. पत्रे गेली, उत्तरे आली नाहीत. दाखल्याची वाट पाहता पाहता वर्ष सरले. पुढच्या वर्षी धाकटा भाऊ जन्मला आणि बाळंतपणानंतर आई दोन वर्षे अंथरुणाला खिळली. वडिलांची पाळी कधी सकाळची, कधी रात्रीची. मग दाखल्याचा विषय पुन्हा निघाला नाही. तो कोणी बंद केला नाही. तो आपोआप मागे पडला. मुलींचे शिक्षण बहुधा असेच सुटते. कोणी नाही म्हणत नाही, फक्त कोणी पुन्हा विचारत नाही.

आता या अकरा वर्षांच्या मुलीने काय केले, ते ऐका. हापशाच्या रांगेत उभे राहून ती तीन महिन्यांत हिंदी बोलायला शिकली. आई अखेरपर्यंत शिकली नाही. रेशन दुकानात मापात खोट आली, तर ती तोंडी हिशेब करून दुकानदाराला तिथल्या तिथे दाखवत असे. आमच्या चाळीतल्या पुरुषांच्या पाळ्या असत आणि बायकांना लिहिता येत नसे, म्हणून गावाकडची पत्रे आणि मनीऑर्डरचे फॉर्म तिच्याकडे येऊ लागले. चौथी शिकलेली ही मुलगी साऱ्या चाळीची लेखनिक झाली. कोणाच्या सासूला काय लिहायचे आणि काय लिहायचे नाही, हे तिला न सांगता कळे. बनगरवाडीत मास्तर जे काम करतो, तेच ती रांझीत करत होती. फरक इतकाच, की मास्तराला त्याचा पगार मिळत होता.

रोज सकाळी ती मला हाताला धरून शाळेच्या फाटकापर्यंत पोचवत असे. कडेवर धाकटा असे. संध्याकाळी भांडी घासताना तिचा नेम ठरलेला होता : “आज काय शिकवलं ते सांग.” मी सांगू लागले, की ती मध्येच थांबवून विचारी, “असं का?” हातचा का घ्यायचा, चंद्र लहानमोठा का होतो, ‘इ’ ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे. मला उत्तर येत नसेल, तर दुसऱ्या दिवशी गुरुजींना विचारून यावे लागे. मी पुढे बी.एड. केले, अध्यापनशास्त्राचे ग्रंथ वाचले. पण समोरच्याला खरोखर समजले की नाही हे पाहत पाहत शिकवायचे असते, हा धडा मला त्या मोरीपाशी मिळाला. माझी पहिली विद्यार्थिनी माझ्याहून सहा वर्षांनी मोठी होती.

एम.ए.ला असताना मी ‘बनगरवाडी’ अभ्यासासाठी घरी आणली. आक्का तेव्हा माहेरपणाला आली होती. मुले झोपली, की ती वाचत बसे. चार दुपारींत तिने पुस्तक संपवले. त्यातली माणसे तिच्या ओळखीची होती, बोली तिची स्वतःची होती, त्यामुळे तिला ते फार आवडले असणार, असे मला वाटले होते. आवडले होतेच. पण पुस्तक परत देताना ती म्हणाली, “मास्तराची बदली झाली, त्याचं बरं झालं. पर त्या पोरांचं फुडं काय झालं, ते कुठं लिवलंय?”

या कादंबरीवरची मराठीतली समीक्षा मी पुष्कळ वाचली आहे. हा प्रश्न मला तिच्यात आढळला नाही. माडगूळकरांनी ते लिहायला हवे होते, असे मी म्हणत नाही. कथा मास्तर सांगतो आहे. त्याला जेवढे दिसले तेवढेच त्याने सांगावे, हाच त्या लेखनाचा प्रामाणिकपणा आहे. शाळा बंद झाली, तिथे मास्तराचे ज्ञान संपले. पण पुढचे उत्तर मुले जिथे पोचतात, तिथल्या शाळांनी द्यायचे असते. म्हणजे आक्काचा प्रश्न खरे तर तुम्हा-आम्हाला विचारलेला आहे.

इथे मला कौतुकाविषयी थोडे बोलायचे आहे. थोरल्या बहिणीचे कौतुक करण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. ती असावीही. आपल्याच प्रांतात, इंदूरला १९२९ साली जन्मलेल्या लता मंगेशकर वडील गेले तेव्हा बारा वर्षांच्या होत्या. पाच भावंडांत त्या सर्वांत मोठ्या. त्याच वर्षी त्यांनी चित्रपटात काम सुरू केले आणि पुढे कुटुंब घेऊन मुंबई गाठली. धाकट्या बहिणीने, मीना मंगेशकर-खडीकरांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले, त्याचे नावच ‘मोठी तिची सावली’. ज्यांच्या डोक्यावर अशी सावली होती, त्यांना या नावाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. परंतु लतादीदींपाशी अलौकिक गळा होता, जगाने तो ऐकला. घरोघरच्या आक्कांपाशी बुद्धी होती, ती चाळीच्या बाहेर कोणाला दिसली नाही.

अशा मुलींविषयी आपण एक शब्द फार सहज वापरतो : त्याग. सत्कारांत, वाढदिवसांत, निधनानंतरच्या लेखांत तो हमखास येतो. मला त्या शब्दाची भीती वाटते. त्याग करण्यासाठी निवड करण्याची मुभा असावी लागते. अकरा वर्षांच्या मुलीला कोणी विचारले नव्हते, की तुझे शिक्षण देतेस का. जे विचारून घेतले नाही, त्याला दान म्हटले की घेणाऱ्याच्या मनाला बरे वाटते, एवढेच. म्हणून मी आक्काचे कौतुक तिच्यापासून जे हिरावले गेले त्यासाठी करत नाही. तिने जे केले त्यासाठी करते. परक्या भाषेच्या गावात तिने आमचे घर उभे केले, चाळीची पत्रे लिहिली, आणि शिकायला न मिळूनही ‘असं का’ हे विचारणे सोडले नाही. पुढे मी तिला परीक्षेला बसण्याविषयी अनेकदा म्हटले. ती हसून म्हणे, “तू बसलीस की.” हे उत्तर गोड आहे. माझे तेवढ्याने समाधान होत नाही, आणि शिक्षिका म्हणून होऊही नये.

यावर उपाय नव्हता असे कोणी म्हणू नये, कारण उपाय मराठी माणसांनीच शोधलेला होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ नंतर कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम केले. मुले गुरांमागे रानात जातात, म्हणून त्यांनी रानातच कुरणशाळा नेली. मोठ्या मुली धाकट्यांना सांभाळायला घरी राहतात, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून विकासवाडी उभी केली. धाकटे पाळणाघरात, मधले बालवाडीत आणि थोरली वर्गात. बनगरवाडीच्या मास्तरापुढे मेंढरांमागच्या मुलांचा जो पेच होता आणि आमच्या घरात कडेवरच्या भावाचा जो पेच होता, त्या दोन्हींचे उत्तर त्या टेकडीवर होते. मूल शाळेत का येत नाही, याचे कारण त्या दोघींनी मुलाच्या घरी जाऊन पाहिले आणि शाळेची रचना त्याप्रमाणे बदलली.

आता आजच्याकडे येते. रांझीची वस्ती बदलली आहे. कारखान्यांच्या नोकऱ्या पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत. ऑक्टोबर २०२१ मध्ये जुने आयुध निर्माणी मंडळ जाऊन त्याच्या सात कंपन्या झाल्या. मराठी कुटुंबे पुणे-नागपूरकडे, काही परदेशी गेली. तुमच्यापैकी अनेकजण तिथूनच आला आहात. पण जगायला येणारी माणसे येतच आहेत. पांढुर्णा, मुलताई, बालाघाटकडची मराठी बोलणारी कुटुंबे बांधकामावर येतात, मंडला-दिंडोरीचे गोंड मजूर येतात. बर्गीच्या धरणाने उठवलेल्या गावांतली किती माणसे या शहरात रिक्षा ओढायला आली, हे जुन्या जबलपूरकरांना सांगायला नको. त्यांच्याबरोबर मुले येतात, आणि दर दुसऱ्या घरात कडेवर भाऊ घेतलेली एक दहा-अकरा वर्षांची मुलगी असते.

आक्काच्या वेळेहून आज एक गोष्ट निश्चित चांगली आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही वा लांबवता येत नाही. मध्येच शाळा सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात बसवायचे आणि मागे राहिलेले भरून काढण्यासाठी विशेष शिकवणी द्यायची, हेही त्याच कायद्यात आहे. चौदा वर्षे पूर्ण झालेल्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावीची परीक्षा देता येते आणि त्याला वयाची वरची मर्यादा नाही. म्हणजे फाटक आता कुलूपबंद नाही. पण ते उघडे आहे, हे त्या मुलीच्या घरी जाऊन कोणीतरी सांगावे लागते.

म्हणून हीरक महोत्सवाच्या निमित्ताने माझ्या तीन विनंत्या आहेत.

पालकहो, घरात आजारपण आले, बाळंतपण आले, आईला काम लागले, आणि थोरलीला ‘थोडे दिवस’ घरी ठेवावे असे मनात आले, तर ठेवण्यापूर्वी एकदा शाळेत येऊन भेटा. धाकट्याला बालवाडीच्या खोलीत बसवून घेता येईल, वेळ मागेपुढे करता येईल, काही ना काही मार्ग निघेल. ते थोडे दिवस सहसा संपत नाहीत, हे मी माझ्या घरात पाहिले आहे.

दुसरी विनंती शेजारी म्हणून. तुमच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईंची, समोरच्या बांधकामावरच्या मजुराची मुलगी दिवसा घरी दिसली, तर तिला आमच्याकडे घेऊन या. कागद नसले तरी घेऊन या. मराठी येत नसेल, तर कोणत्या सरकारी शाळेत जायचे ते आम्ही दाखवू आणि पहिल्या दिवशी बरोबर जाऊ.

तिसरी विनंती माजी विद्यार्थ्यांना. महोत्सवी वर्षात शाळेला देणगी काय द्यावी, असे आपण विचारता. रंगरंगोटी होईल, नवी बाकेही येतील. त्याबरोबर संध्याकाळच्या एका वर्गाला हातभार लावा. ज्यांचे शिक्षण भावंडांसाठी सुटले, त्या रांझीतल्या स्त्रियांना मुक्त विद्यालयाच्या दहावीसाठी तिथे तयार करता येईल. पैशांपेक्षा तिथे शिकवणारी माणसे हवी आहेत. दूर असाल, तर सुट्टीत आलात की आठ दिवस शिकवा. आणि घरी गेल्यावर आपापल्या आक्काला, ताईला, माईला एकदा विचारा, की तिला काय शिकायचे होते. उत्तर ऐकण्यापूर्वी तिचे आभार मानण्याची घाई करू नका.

आपल्या शाळेच्या जुन्या हजेरीपटांत मला अनेकदा असे दिसते, की एकाच घरातल्या धाकट्या मुलांची नावे दहावीपर्यंत सलग आहेत आणि थोरल्या बहिणीचे नाव पाचवी-सहावीत येऊन थांबले आहे. शाळेच्या शताब्दीला जो कोणी या वर्षांचे हजेरीपट उघडील, त्याला दोघींची नावे शेवटपर्यंत सापडावीत. एवढे आपण मिळून करू शकतो.



जय हिंद, जय मराठी!